वाऱ्याची वीज, पाण्यातून!

वाऱ्यावर चालणाऱ्या बोटीला डिझेल कशाला, असे मला वाटे. पण एकटा दर्यावर्दी पाठ टेकतो तेव्हा सुकाणू यंत्र धरते. वीज संपली, की सुकाणूला वाली नाही! वाचकहो, फ्रान्सच्या यानिक बेस्ताव्हेन यांनी सहकाऱ्यासह २००८ च्या ‘वाँदे ग्लोब’ या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीसाठी युक्ती काढली. बोटीमागे पाण्यात पंखा सोडायचा. बोट धावली, की तो फिरतो आणि वीज होते. वेग दुप्पट, तर वीज तत्त्वतः आठपट! त्या खेपेस त्यांची डोलकाठी मोडली. जानेवारी २०२१ मध्ये मात्र तीच शर्यत त्यांनी जिंकली. पंखा बोटीला किंचित मागे ओढतोच. दर्या वीज देतो, पण मोल वेगात मोजून घेतो. व्यवहार मला रोखठोक वाटतो!