समदुःखी साहाय्यक कसा घडतो?

'जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे' ही म्हण आपण सहज वापरतो. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात या म्हणीला गेल्या काही दशकांत चक्क एका व्यवसायाचे रूप आले आहे. ज्याने नैराश्य, स्किझोफ्रेनिया किंवा व्यसन यांसारख्या आजारातून स्वतः वाट काढली आहे, त्याने रीतसर शिक्षण घ्यायचे आणि त्याच वाटेवरच्या दुसऱ्या माणसाला सोबत करायची. त्याबद्दल पगारही घ्यायचा. इंग्रजीत अशा माणसाला 'पीअर सपोर्ट वर्कर' म्हणतात. आपण त्याला 'समदुःखी साहाय्यक' म्हणू या. (याहून चांगला शब्द वाचकांना सुचल्यास जरूर कळवावा.)

कल्पना मुळात जुनीच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात मनोरुग्णांच्या विभागाची देखरेख झां-बातिस्त प्युसँ या गृहस्थांकडे होती. ते स्वतः तेथे गंडमाळेवर उपचार घ्यायला आले आणि तेथेच राहिले. विभागातले नोकर ते शक्यतो बऱ्या होत आलेल्या रुग्णांमधून निवडत. कारण अशी माणसे रुग्णांना मारहाण करीत नाहीत, हे त्यांनी पाहिले होते. १७९७ मध्ये त्यांनी या विभागातल्या रुग्णांच्या साखळ्या काढल्या. इतिहासात याचे श्रेय बहुधा फिलिप पिनेल यांना दिले जाते. पण बिसेत्रमधल्या साखळ्या काढणारे हात प्युसँ यांचे होते. पुढे १९३५ मध्ये अमेरिकेत 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' सुरू झाली, तीही एका दारुड्याने दुसऱ्या दारुड्याशी बोलण्यातून. पुण्यात १९८६ पासून चालू असलेल्या 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्रातही व्यसनातून बाहेर आलेली माणसे कार्यकर्ते म्हणून काम करतात.

मात्र याला नोकरीचा दर्जा मिळाला तो अलीकडे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने १९९९ मध्ये अशा मदतीचा खर्च 'मेडिकेड' या सरकारी आरोग्ययोजनेतून देण्याची सोय केली. २००७ मध्ये केंद्र सरकारने सर्व राज्यांना यासंबंधी अटी कळवल्या. साहाय्यकाचे प्रशिक्षण व प्रमाणपत्र हवे, त्याच्यावर जाणकाराची देखरेख हवी आणि त्याचे काम रुग्णाच्या उपचार-आराखड्याशी जोडलेले हवे. सरकारचा पैसा आला की अटी येतात, हे खरे. पण या अटी शहाणपणाच्या होत्या.

आता कोणीही विचारील, की अनुभव आहे तर आणखी शिकायचे काय? खरी मेख येथेच आहे. अनुभवी माणूस मदतीला बसला की काही चुका हमखास करतो. समोरच्याने दोन वाक्ये बोलायच्या आत 'माझेही अगदी असेच झाले होते' असे म्हणून तो स्वतःची कहाणी सुरू करतो. आपल्याला जे औषध, जो उपाय लागू पडला, तोच याला सुचवतो. आणि दुसऱ्याचे ओझे घरी नेऊन रात्रभर जागतो. प्रशिक्षणाचा बराचसा वेळ या सवयी मोडण्यात जातो.

एक नमुना पाहू. समजा, बावीस वर्षांची मुलगी म्हणते, "ताई, या गोळ्यांनी दिवसभर पेंगायला होतं. बंद करून टाकू का?" न शिकलेली साहाय्यिका म्हणेल, "मी तर केव्हाच सोडल्या," किंवा "अजिबात सोडायच्या नाहीत हं!" दोन्ही उत्तरे चूक. शिकलेली म्हणेल, "मलाही असं व्हायचं. डॉक्टरांना सांगितलंस का? बोलायला जड जात असेल, तर काय सांगायचं ते आपण दोघी मिळून आधी कागदावर लिहू." या उत्तरात स्वतःबद्दल एकच वाक्य आहे. औषधावर मत नाही. आणि निर्णय त्या मुलीच्या हातून काढून घेतलेला नाही. वर्गात एकाने रुग्ण व दुसऱ्याने साहाय्यक व्हायचे आणि बाकीच्यांनी पाहायचे, अशी नाटुकली पुन्हा पुन्हा करून हे अंगवळणी पाडतात.

स्वतःची कहाणी सांगणे हेही शिकावे लागते. लक्षणांची जंत्री ऐकून कोणाला उभारी येत नाही. काय उपयोगी पडले, कोणत्या दिवशी काय वेगळे केले, हे ऐकणाऱ्याच्या कामाचे असते. कोणता भाग सांगायचा नाही, हेही आधी ठरवतात. कारण त्या कहाणीत घरची माणसेही असतात आणि त्यांची परवानगी कोणी घेतलेली नसते.

गुप्ततेचा नियम पहिल्याच भेटीत सांगायचा असतो: तुझे बोलणे माझ्यापाशी राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर मला ते पुढे सांगावे लागेल. आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे सरळ शब्दांत विचारायलाही शिकवतात. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत संशोधनाने खोटी ठरवली आहे. याखेरीज प्रत्येक साहाय्यक स्वतःसाठी एक लेखी आराखडा करतो. आपला आजार उलटू लागल्याच्या खुणा कोणत्या, आणि तेव्हा कोणाला कळवायचे, हे त्यात असते.

या कामात मदत करणाऱ्यालाही गुण येतो, हे फ्रँक रीसमन यांनी १९६५ मध्येच मांडले होते. पण रुग्णाला खरोखर फायदा होतो का? उत्तर सरळ नाही. इंग्लंडमध्ये ४४१ रुग्णांवर केलेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. समदुःखी साहाय्यकाची सोबत मिळालेल्यांपैकी २९ टक्के रुग्णांना वर्षभरात पुन्हा तातडीचे उपचार घ्यावे लागले. ज्यांना नुसती पुस्तिका दिली होती, त्यांच्यात हे प्रमाण ३८ टक्के होते. उलट, त्याच देशातल्या २०२२ च्या दुसऱ्या, ५९० रुग्णांच्या प्रयोगात दोन्ही गटांतले जवळपास निम्मे रुग्ण रुग्णालयात परतले. म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे हा काही रामबाण उपाय नव्हे. शिवाय रुग्णालयात परतणे एवढ्या एकाच मापाने सोबतीचे मोल मोजावे का, हाही प्रश्न आहेच. आमच्या मते मोजावे, पण तेवढेच मोजू नये.

शाळांशी याचा संबंध येतो तो जरा वेगळ्या वाटेने. एखादी मुलगी नैराश्यातून सावरली, की 'आता तू त्या दुसरीला सांभाळ' असे सुचवण्याचा मोह शिक्षकांना होतो. वर सांगितलेले शिक्षण प्रौढांसाठी आहे आणि त्यामागे देखरेख करणारे माणूस असते. ते काही नसताना चौदा वर्षांच्या मुलीवर हे ओझे टाकणे धोक्याचे. मैत्रिणीने काय करावे, तर शांतपणे ऐकावे, तिला एकटे सोडू नये आणि 'हे मी बाईंना सांगणार आहे' असे तिला आधीच सांगून टाकावे. बाईंनी पुढे पालकांशी व जवळच्या डॉक्टरांशी बोलावे. २०२२ पासून सरकारची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर रात्रंदिवस चालू आहे. हा क्रमांक शिक्षक-कक्षात लावतातच. तो वर्गाच्या फळ्याशेजारीही लावावा.