व्यावसायिक वैमानिकाची जबाबदारी

हैदराबादच्या जामबागेतील विवेकवर्धिनीने मराठी मुलामुलींच्या अनेक पिढ्या घडविल्या. तथापि वैमानिकाचा व्यवसाय हा आपल्या घरांतून आजही काहीसा दूरचाच समजला जातो. वास्तविक या शहराचे विमानवाहतुकीशी नाते जुने आहे. हुसेनसागरापलीकडील बेगमपेठ विमानतळावरून १९४५ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एअरवेजची डाकोटा विमाने उडत असत. अनेक कंपन्यांनी नकार दिल्यानंतर प्रेम माथुर यांना १९४७ साली सहवैमानिकपद दिले ते याच कंपनीने. व्यावसायिक परवाना मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. पुढे १९५३ मध्ये ही कंपनी इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. बेगमपेठेची नियमित प्रवासी वाहतूकही २००८ पासून शमशाबादला गेली आहे.

वैमानिक म्हणजे विमान चालविणारा, ही सर्वसाधारण समजूत अपुरी आहे. त्याच्या कामाचा मोठा भाग विमान जमिनीवर असतानाच पार पडतो. हवामानाचा अहवाल, धावपट्टीची स्थिती, विमानाचे वजन व त्याचा समतोल हे सर्व त्यास तपासावे लागते. इंधनाचा हिशेब तर विशेष काटेकोर असतो. गंतव्य स्थान गाठण्यापुरते इंधन पुरेसे नसते. तेथे उतरता न आल्यास पर्यायी विमानतळ गाठता येईल आणि त्यावरही सुमारे अर्धा तास घिरट्या घालता येतील, इतका साठा जवळ असावा लागतो. दख्खनच्या पठारावर आणखी एक बाब उद्भवते. उंची आणि उन्हाळा यांमुळे येथील हवा विरळ होते. साहजिकच उड्डाणासाठी धावपट्टी अधिक लागते, आणि प्रसंगी वजन कमी करावे लागते. आपले सामान मागे का राहिले, असा प्रश्न करणाऱ्या प्रवाशाने हे ध्यानी घ्यावे.

उड्डाणाच्या वेळी एक ठरावीक वेग अगोदरच निश्चित केलेला असतो. त्यापूर्वी इंजिनात बिघाड दिसल्यास विमान थांबवावयाचे. तो वेग ओलांडल्यावर मात्र बिघाडासह आकाशात जावयाचे. निर्णयास क्षणच मिळतो. म्हणून ही परिस्थिती विमानसदृश यंत्रात पुनःपुन्हा गिरविली जाते.

उतरतानाची कसोटी निराळी असते. विहित उंचीपर्यंत येऊनही धावपट्टी दिसली नाही, तर पुन्हा वर जाणे बंधनकारक आहे. प्रवाशांची नाराजी, वेळापत्रक, घरी परतण्याची ओढ यांपैकी कशाचाही विचार येथे गौण. विमानाच्या सुरक्षिततेविषयी मुख्य वैमानिकाचा शब्द अखेरचा असतो. मात्र चूक दिसताच ती स्पष्टपणे सांगणे हे सहवैमानिकाचे कर्तव्यच होय. आपल्याकडील वडीलधाऱ्यांपुढे गप्प राहण्याची रीत येथे घातक ठरते.

कप्तान सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये कलकत्ता ते सिलचर हे केवळ महिला वैमानिकांचे फॉकर विमान नेले. हा मार्ग इच्छुकांस आज खुला आहे. बारावीस भौतिकशास्त्र व गणित, वयाची अठरा वर्षे, दोनशे तासांचे उड्डाण आणि कडक वैद्यकीय तपासणी या त्याच्या प्रमुख अटी होत. खर्च मात्र मोठा आहे, आणि तपासणीत डोळ्यांचा वा कानांचा दोष आढळल्यास परवाना अडू शकतो. म्हणून शुल्क भरण्यापूर्वीच ही तपासणी करून घेणे इष्ट.