बोलण्याची मुभा आणि बोलल्याचे मोल

भाषणस्वातंत्र्य हा शब्द उच्चारला की राजा, न्यायासन आणि कारागृह ही तीन चित्रे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. बोलणारा एक आणि त्यास दडपणारे सरकार एक, असा तो सामना आपण कल्पितो. यात असत्य काही नाही. पण हे अर्धेच सत्य आहे. बोलणाऱ्यास शासन करणारी आणखी एक सत्ता आहे. तिला शिपाई लागत नाहीत, तिचा दरबार ओटीवर आणि पंगतीत भरतो, आणि तिच्या निकालावर अपील चालत नाही. या सत्तेविषयी आमच्या वाचकांशी चार शब्द बोलावे असे योजिले आहे. कारण सरकार बदलणे आपणा एकेकट्याच्या हाती नसले तरी ही सत्ता आपल्याच घरात नांदते.

या विषयाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने दूर जाण्याचे कारण नाही. पुण्यातील 1881 ते 1895 ही अवघी चौदा वर्षे नीट पाहिली तरी पुरे. 1881 साली 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे निघाली आणि लगोलग कोल्हापूरचे प्रकरण उद्भवले. तरुण छत्रपतींचा छळ होत आहे अशी वदंता होती. दिवाण माधवराव बर्वे यांच्या नावची म्हणून काही पत्रे हाती आली, ती प्रसिद्ध झाली, आणि बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. पत्रे बनावट ठरली. टिळक व आगरकर यांनी दिलगिरी दर्शविली, तरी जुलै 1882 मध्ये त्यांस चार महिन्यांची साधी कैद झाली आणि 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून ते सुटले.

लोकांनी त्यांची मिरवणूक काढली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण या गोष्टीचा दुसरा बोध आपण मुलांस क्वचितच सांगतो. छत्रपतींविषयीची चिंता निराधार नव्हती. 1883 च्या डिसेंबरात अहमदनगरच्या किल्ल्यात, एका इंग्रज सोजिराशी झालेल्या झटापटीनंतर, त्यांचा करुण अंत झाला. चिंता खरी होती, पण पुरावा खोटा होता. हेतू शुद्ध असला म्हणजे वचनही शुद्ध होते असे नाही, आणि ज्याच्या नावावर खोटी पत्रे छापली गेली त्यालाही अब्रू असते. सत्य शोधण्याचे कष्ट हे बोलण्याच्या हक्काचे पहिले मोल होय. ते त्या दोघा तरुणांनी तुरुंगात जाऊन चुकते केले. कोणावर ढकलले नाही.

हे झाले कायद्याने दिलेले शासन. त्याला मुदत असते. 101 दिवस संपतात. समाजाच्या शासनाला मुदत नसते. 1888 च्या ऑक्टोबरात आगरकरांनी 'सुधारक' काढला. विधवांचे केशवपन, बालविवाह, स्त्रीशिक्षण या विषयांवर त्यांनी जे लिहिले ते आज कोणत्याही शाळेत निःशंकपणे शिकविले जाते. त्या वेळी मात्र जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा पुण्याच्या रस्त्यांतून काढण्यात आली. ती काढणारे कोणी गुंडपुंड नव्हते. धर्म बुडतो अशी ज्यांची प्रामाणिक समजूत होती, अशी आपल्यासारख्याच घरांतील माणसे त्यांत होती. ही गोष्ट डोळ्यांआड करून आगरकरांच्या तसबिरीस हार घालणे हे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते. आगरकर अवघ्या अडतिसाव्या वर्षी, 17 जून 1895 रोजी, दम्याच्या विकाराने गेले.

त्याच काळातील पंच हौद मिशनचा चहा वाचकांस ठाऊक असेलच. 1890 साली मिशनच्या घरी व्याख्यानास गेलेल्या मंडळींपुढे चहा ठेवण्यात आला; तो कोणी घेतला, कोणी नुसता हाती धरला. पुढे त्या मंडळींची नावे वर्तमानपत्रात छापली गेली आणि ग्रामण्य उभे राहिले. एका यादीने केवढा अनर्थ केला! न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषालाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. त्यांना स्वतःला भय नव्हते; पण बहिष्कृताच्या घरी श्राद्धास ब्राह्मण येत नाही, लेकीची सोयरीक जुळत नाही, सासरी गेलेल्या मुलीस माहेरी धाडीत नाहीत. कारागृहात एकटा माणूस जातो, बहिष्कारात सारे कुटुंब जाते. म्हणूनच ज्यांना तुरुंगाची भीती वाटत नाही अशी माणसेही बहिष्कारापुढे गप्प बसतात.

येथे कोणी सुज्ञ वाचक विचारील, मग काय, बोलणाऱ्याने वाटेल ते बोलावे आणि ऐकणाऱ्याने मूग गिळून बसावे? मुळीच नाही. बोलण्याचा हक्क जसा एकास, तसा प्रत्युत्तराचा हक्क दुसऱ्यास. एखाद्याचे म्हणणे पटले नाही तर त्याचे खंडन करावे, त्याचे पत्र घेणे बंद करावे, त्याच्या सभेस जाऊ नये. हे सर्व न्याय्य आहे. टिळक व आगरकर यांचे मतभेद प्रसिद्धच आहेत. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यावरून दोघांच्या लेखण्या एकमेकींवर तुटून पडल्या. पण आगरकर गेले तेव्हा त्यांच्यावरील मृत्युलेख 'केसरी'त टिळकांनीच लिहिला. शब्दाला शब्दाने उत्तर देणे याचा हा नमुना.

तेव्हा विवेक करावयाचा तो येथे. बोलण्याचा परिणाम बोलण्यावर व्हावा. बोलणाऱ्याच्या चुलीवर, पाण्यावर, मुलाबाळांवर होऊ नये. वाक्याचे खंडन करणे हा वाद झाला. वाक्य बोलणाऱ्याची भाकरी तोडणे ही शिक्षा झाली, आणि शिक्षा देण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा. आमच्या शास्त्रकारांनी बोलणाऱ्यावर मोठी बंधने घातली आहेत. सत्य, प्रिय आणि हितकर बोलणे यांस गीतेने सतराव्या अध्यायात वाणीचे तप म्हटले आहे. परंतु तप हे स्वतः आचरावयाचे असते, दुसऱ्याकडून बळाने करवून घ्यावयाचे नसते.

कायद्यानेही या मार्गावर काही पावले टाकली आहेत. 26 जानेवारी 1950 पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाने नागरिकास भाषणाचे व मतप्रदर्शनाचे स्वातंत्र्य दिले, आणि अब्रुनुकसानी, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादी कारणांसाठी वाजवी निर्बंधही मान्य केले. महाराष्ट्र विधिमंडळाने 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तो 2017 च्या जुलैपासून लागू झाला आणि बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. ज्या शस्त्राने रानड्यांस नमविले, ते आज गुन्हा ठरले आहे.

तथापि शस्त्र म्यान झाले तरी हात तेच आहेत. 2012 च्या नोव्हेंबरात पालघर येथील दोन तरुणींना, मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर लिहिलेल्या चार ओळींवरून व त्यांस दिलेल्या पसंतीवरून, अटक झाली. एकीच्या नातलगाचे रुग्णालय जमावाने फोडले. पुढे खटला बारगळला, आणि अशा अटकांचे जे साधन होते ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केले. न्यायालयाने कलम पुसले. जमावाचा स्वभाव कोणते न्यायालय पुसणार? रुग्णालयातील रुग्णांनी तर एक ओळही लिहिली नव्हती.

आम्ही चार तपे नसली तरी तीन तपे मुलांस शिकविली. त्या अनुभवाने सांगतो की हा स्वभाव वर्गात आणि वर्गाच्याही आधी घरात घडतो. एखादा मुलगा उभा राहून म्हणतो, "गुरुजी, हा संधी असा सुटत नाही," तेव्हा त्याच्या म्हणण्याचा विचार होण्याआधीच वर्गात हशा पिकतो; आणि तो मुलगा पुढे वर्षभर तोंड उघडीत नाही. हसणे हा बहिष्काराचा पहिला धडा होय. घरीही तसेच. धाकटी सून पंगतीत एखादे वेगळे मत बोलली की चार दिवस तिच्याशी कोणी मोकळेपणी बोलत नाही. कोणी तिला रागे भरत नाही, कोणी तिला मना करीत नाही. पण पाचव्या दिवसापासून ती "तुम्ही म्हणाल तसे" म्हणू लागते. मग घरातील वडील माणसे म्हणतात, आमच्या घरात कसे एकमत आहे! ते एकमत नव्हे, ती निःशब्दता आहे. अशा घरात खरे संकट आले म्हणजे ते सर्वांत शेवटी वडिलांस कळते, कारण खरे सांगण्याची सवयच मोडलेली असते.

एकत्र कुटुंबाचे सारे सामर्थ्य अनेक डोक्यांत आहे. ती सर्व एकदम हालू लागली तर त्या सामर्थ्याचा उपयोग काय? म्हणून वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे. घरात कोणी न रुचणारे बोलले तर प्रथम ते खरे की खोटे एवढेच पाहावे. खोटे असल्यास कारणे देऊन खोडावे. खरे असल्यास लहानाचेही मान्य करावे. आणि निर्णय कोणताही झाला तरी त्या दिवशी बोलणाऱ्याच्या पानात नेहमीप्रमाणेच, नेहमीच्याच हाताने वाढावे.