आजी बिडी ओढत नाही, पण...

आळेफाट्यावरून कल्याणच्या दिशेने वळलं की थोड्या वेळात ओतूर. वीकएण्डला गावी जाणारी आपली पुण्या-मुंबईची मंडळी तिथल्या दोन गोष्टींवर हमखास फिदा असतात: थंडी आणि चुलीवरची भाकरी. घरात गॅस आलेला असतो, तरी कित्येक घरांत भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच. आपण फोटो काढतो, आजी फुंकणी हातात घेते.

समजा, याच आजीच्या सीटी स्कॅनमध्ये ‘नोड्यूल’ दिसला. म्हणजे फुप्फुसातला तीन सेंटिमीटरपर्यंतचा गोल ठिपका. लगेच घाबरू नका. बहुतेक ठिपके कॅन्सरचे नसतात. जुन्या टीबीचा व्रणही असाच दिसतो. डॉक्टर विचारतात, ‘बिडी, तंबाखू?’ आपण ठणकावून ‘नाही’ म्हणतो. आणि चुलीसमोरची चाळीस वर्षं फाइलमध्ये येतच नाहीत!

लाकूड अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. ना रंग, ना वास. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. पण ठिपक्याचा आरोप त्याच्यावर नाही. मोकळ्या हवेत चार-पाच तासांत रक्तातला निम्मा वायू निघून जातो. फुप्फुसात ठाण मांडतात ते त्याच्यासोबत आलेले काजळीचे बारीक कण. घरातल्या लाकडाच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१० मध्ये ‘बहुधा कॅन्सरकारक’ म्हटलं. त्याआधी २००९ मध्ये पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं: जगात धूम्रपान करणारे सुमारे १०० कोटी, तर असा धूर घेणारे सुमारे ३०० कोटी. विषय होता सीओपीडी, म्हणजे दम लागण्याचा जुनाट आजार.

गंमत म्हणजे, हाच वायू तपासणीच्या कामीही येतो. सिगारेट सोडवणाऱ्या क्लिनिकमध्ये फुंकरीतला कार्बन मोनॉक्साइड मोजतात. पण ती फुंकर फार तर कालचा धूर सांगते. फुप्फुसाची ताकद बघायला किंचित कार्बन मोनॉक्साइड आत घेऊन दहा सेकंद श्वास रोखायला लावतात. मारी क्रोग यांनी १९१५ मध्ये मांडलेली ही पद्धत ठिपका काढायच्या ऑपरेशनआधी आजही वापरतात.

जुना धूर मात्र कुठलंच यंत्र मोजत नाही. तो हिशेब आपणच द्यायचा: रोज किती तास, अशी किती वर्षं. पुढच्या वेळी रिपोर्टसोबत हा आकडाही न्या. आणि तोवर? गावी गेलात की पाण्यासाठी गीझर बसवा, चुलीला धुराडं करून द्या. भाकरीचा फोटो नंतर काढला तरी चालेल.