हातांतील पू आणि क्ष-किरणांचें चित्र

बाभळीचा काटा, ज्वारीचें धसकट, बांबूचें कुसळ किंवा विळ्याची धार यांनीं ज्याच्या हाताला कधीं जखम झाली नाहीं असा शेतकरी विरळा. बहुतेक जखमा आपोआप भरून येतात. परंतु कांहींत जंतु खोल शिरून पू धरतो, आणि मग दवाखान्यांत 'फोटो काढा' असें सांगण्यांत येतें. फोटोंत कांहीं दिसलें नाहीं म्हणजे आंत कांहींच नाहीं, असें समजून पुष्कळ लोक निर्धास्तपणें घरीं परततात. ही समजूत कित्येकदां एखाद्या बोटाच्या मोलाची ठरते.

राँटगेन यांनीं १८९५ सालीं क्ष-किरणांचा शोध लावला व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत आपल्या पत्नीच्या हाताचें चित्र घेतलें. त्यांत हाडें व अंगठी स्पष्ट उमटली. मांस मात्र फिकट छायेसारखें राहिलें. या किरणांचा गुण व उणीव हीं दोन्ही त्या एका चित्रांतच आहेत. धातु, खडा व कांच यांना ते अडतात, म्हणून मोडलेली सुई किंवा कांचेचा तुकडा बहुधा दिसतो. काटा व लाकूड यांची घनता मांसाच्या जवळपास असल्यामुळें तीं बहुतेक वेळां दिसत नाहींत, आणि आमच्या शेतांत सलतो तो काटाच.

अशा वेळीं सोनोग्राफी अधिक उपयोगी पडते. तींत ध्वनिलहरी शरीरांत सोडतात. त्या काट्यावर आदळून परततात आणि पडद्यावर उजळ रेघ व तिच्यामागें काळी छाया दिसते. साठलेला पू बहुधा काळसर पोकळीसारखा दिसतो, त्यामुळें चीर द्यावयाची कीं नुसतें औषध द्यावयाचें हें ठरविणें सोपें जातें. हात स्पर्शही सहन करीत नसेल तर तो पाण्याच्या भांड्यांत बुडवून, यंत्र त्वचेपासून किंचित् दूर धरूनही तपासतां येतो. अर्थात् हें सर्व तपासणाऱ्याच्या कसबावर अवलंबून आहे.

शिंदीचा काटा सांध्यांत मोडला तर वरची जखम भरते आणि कित्येक आठवड्यांनीं, कधीं महिन्यांनीं, सांधा सुजतो. ही सूज पुष्कळदां जंतूंवांचूनही येते. तोंवर रोगी काटा विसरून गेलेला असतो, व वैद्य भलत्याच रोगाच्या शोधांत राहतो.

हाडांत जंतु शिरल्यास काळाचा हिशेब निराळा असतो. हाडांतील खनिजांचा सुमारें तिसरा हिस्सा ते निम्मा भाग नाहींसा झाल्यावांचून क्ष-किरणांच्या चित्रांत फरक उमटत नाहीं, आणि त्यास साधारणतः १० ते १४ दिवस लागतात. म्हणून तिसऱ्या दिवसाचें निर्दोष चित्र हाड निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे. एम. आर. आय. तपासणींत हाडाच्या मज्जेंतील बदल थोड्याच दिवसांत दिसतो. पण ती महाग असून बहुधा शहरांतच होते. डोळ्यांत लोखंडाचा कण गेलेला असेल, किंवा हृदयाजवळ यंत्र बसविलेलें असेल, तर तें आधीं सांगितलेंच पाहिजे.

तरीही कांहीं दुखणीं चित्राची वाट पाहूं देत नाहींत. शिकागोचे शस्त्रवैद्य कॅनाव्हेल यांनीं हाताच्या जंतुदोषांवरील आपल्या १९१२ च्या ग्रंथाच्या योगें ज्या खुणा प्रसिद्ध केल्या, त्या आजही प्रमाण मानतात: सबंध बोट सुजतें, किंचित् वांकलेलें राहतें, तळहाताच्या बाजूनें शिरेच्या रेषेवर दाबल्यास कळ येते, व बोट सरळ करूं गेल्यास असह्य वेदना होतात. पू शिरेच्या आवरणांत शिरल्याचें हें लक्षण. अंगठा व करंगळी यांतून तो मनगटापर्यंत जाऊं शकतो. तसेंच जखमेच्या मानानें वेदना फार, त्वचेवर काळसर फोड, दाबल्यास करकर असा भास व तासातासानें वर चढणारी सूज दिसल्यास मोठ्या रुग्णालयांत त्याच रात्रीं जावें. तेथें शस्त्रवैद्य चित्रासाठीं खोळंबत नाहींत.

जंतु कोणता हें बहुधा कोणतेंच चित्र सांगत नाहीं. त्यासाठीं पू प्रयोगशाळेंत पाठवावा लागतो. मधुमेह्यांनीं रक्तांतील साखरही तपासून घ्यावी, व धनुर्वाताची सुई चुकवूं नये. वैद्याकडे जातांना कोणता काटा, कोणत्या दिवशीं व किती खोल लागला तें सांगावें, आणि मोडलेल्या काट्याचा उरलेला भाग मिळाल्यास तो कागदांत गुंडाळून बरोबर न्यावा.