क्रीडापटूंच्या दुखापती आणि चुंबकीय उद्दीपन

वडोदऱ्यातील नागरवाडा, दांडिया बाजार आदी जुन्या वस्त्यांना तालमीची माती परिचयाची आहे. जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न प्रा. माणिकराव मल्लविद्येइतकेच हाडे व सांधे बसविण्याच्या हातोटीसाठीही ख्यातकीर्त होते. कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांनी १९०७ ते १९१० या काळात त्यांच्याच हाताखाली शारीरिक शिक्षण घेतले. आखाडा आणि उपचार यांचा संबंध येथे असा जुना आहे. आता त्यात चुंबकीय उद्दीपनाची भर पडू पाहत आहे.

खो-खो किंवा क्रिकेट खेळताना गुडघ्यातील अस्थिबंध, म्हणजेच लिगामेंट, तुटल्यास शस्त्रक्रियेने सांधा सावरतो. परंतु मांडीचा पुढील स्नायू पुष्कळदा आज्ञा पाळीत नाही. हा खेळाडूचा आळस नव्हे. सूज व वेदना यांमुळे मज्जासंस्थाच त्या स्नायूकडील संदेश रोखून धरते. स्नायू झिजतो आणि घाईने मैदानात उतरलेल्या खेळाडूचा गुडघा पुन्हा जायबंदी होण्याचा संभव वाढतो.

तारेच्या वेटोळ्यातून क्षणार्धात मोठा विद्युत्‌प्रवाह सोडला असता बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते व ते जवळच्या वाहकात प्रवाह उत्पन्न करते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखविले. याच तत्त्वानुसार हे क्षेत्र त्वचेतून आत जाऊन चेतातंतू जागृत करते आणि स्नायू आकुंचन पावतो. विजेच्या उपचाराप्रमाणे त्वचेवर पट्ट्या चिकटवाव्या लागत नाहीत. त्वचेची चुरचुरही कमी होते. बाजारात मिळणारे चुंबकाचे पट्टे व कडी यांचा या उपचाराशी काहीही संबंध नाही. स्थिर चुंबक चेतातंतूस उद्दीपित करीत नाही.

तथापि, याविषयीचे संशोधन अद्याप मर्यादित आहे. यंत्राने स्नायू हलतो. तोल सावरणे, वळणे, उडी घेऊन नीट उतरणे मात्र व्यायामानेच पुन्हा शिकावे लागते. म्हणून हा उपचार भौतिकोपचारास पूरक मानावा, पर्याय नव्हे. पेसमेकर अथवा कानातील श्रवणयंत्रणा बसविलेल्या व्यक्तींनी तो टाळावा. शरीरात धातूची पट्टी वा स्क्रू असल्यास आणि गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांना आधी तसे अवश्य सांगावे.

गुडघ्याच्या अशा शस्त्रक्रियेनंतर किमान नऊ महिने लोटावेत आणि दुखऱ्या पायाचे बळ दुसऱ्या पायाच्या सुमारे ९० टक्के व्हावे, तोवर स्पर्धेत उतरू नये, असा तज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला आहे. हे बळ अंदाजाने न ठरविता भौतिकोपचार तज्ज्ञाकडून मोजून घ्यावे.