जंगल सफारीसाठी कॅमेरा निवडताना

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातील सफारीचे आरक्षण हाती पडले की, घरात लगेच दुसरा विषय निघतो तो कॅमेऱ्याचा. घरी आहे तो कॅमेरा पुरेल का? नवा घ्यायचा झाल्यास कोणता? वाघ दिसला आणि छायाचित्रच आले नाही तर? दुकानात विचारावे तर मेगापिक्सेलचे आकडे ऐकायला मिळतात. ओळखीच्या छायाचित्रकाराला विचारावे, तर तो स्वतःची तोफेसारखी लेन्स दाखवतो. परिणामी दोन दिवसांच्या सहलीसाठी लाख-दीड लाखाची खरेदी होते आणि सहलीनंतर ती सामग्री कपाटात पडून राहते. ही निवड वास्तविक इतकी अवघड नाही. प्राणी किती अंतरावर असेल, प्रकाश किती असेल आणि कॅमेरा कशाच्या आधाराने धरायचा आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी शोधली की कॅमेऱ्याचे नाव आपोआप पुढे येते.

अंतराचा हिशेब

कॅमेऱ्याची लेन्स किती दूरचे टिपेल, हे तिच्या नाभीय अंतरावर, म्हणजेच मिलिमीटरमध्ये सांगितल्या जाणाऱ्या फोकल लेंग्थवर ठरते. त्याच्या जोडीला सेन्सरचा आकार विचारात घ्यावा लागतो. 'फुल फ्रेम' सेन्सर ३६ मिमी रुंद असतो, तर बहुतेक हौशी कॅमेऱ्यांतील 'क्रॉप' सेन्सर साधारण २२ ते २४ मिमी रुंद असतो. छोटा सेन्सर चित्राचा मधलाच भाग टिपत असल्याने तीच लेन्स त्यावर सुमारे दीडपट अधिक जवळचे दाखवते.

यावरून एक सोपे गणित करता येते. सेन्सरच्या रुंदीला प्राण्याच्या अंतराने गुणावे आणि लेन्सच्या नाभीय अंतराने भागावे. उत्तर येते ते चौकटीत मावणाऱ्या दृश्याची रुंदी. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा आणि २५० मिमीची लेन्स घेतली, तर ३० मीटर अंतरावर सुमारे पावणेतीन मीटर रुंदीचे दृश्य चौकटीत येते. पूर्ण वाढ झालेल्या वाघाची नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबीही साधारण तेवढीच असते. म्हणजे कॅमेऱ्यासोबत अनेकदा स्वस्तात मिळणारी ५५-२५० किंवा ७०-३०० मिमीची झूम लेन्स ३० मीटरवरच्या वाघाने चौकट भरून टाकण्यास पुरेशी असते.

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पर्यटकांनी वन्यप्राण्यांपासून किमान २० मीटर अंतर राखणे अपेक्षित आहे. त्या २० मीटरवरून हीच लेन्स वापरली, तर आडवा उभा असलेला वाघ चौकटीत मावणारही नाही. तेव्हा 'गाडी आणखी पुढे घ्या' असा आग्रह धरण्यास छायाचित्रणाचे कारण उरतच नाही.

पक्ष्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. जेमतेम १६ सेंटिमीटरचा छोटा खंड्या १० मीटरवर बसला असेल, तर २५० मिमीच्या लेन्समध्ये तो चौकटीच्या रुंदीचा सहावा हिस्सा व्यापतो. ६०० मिमीची लेन्स लावली तरी तो दोन पंचमांशाच्या आसपासच जातो. मोठी लेन्स खऱ्या अर्थाने लागते ती पक्ष्यांसाठी, वाघासाठी नव्हे. म्हणूनच खरेदीपूर्वी स्वतःला विचारावे की, वर्षातून एकदा ताडोबाला जायचे आहे की दर रविवारी भिगवण किंवा नांदूर-मध्यमेश्वरच्या पाणवठ्यावर पक्षी पाहायचे आहेत?

प्रकाशाची किंमत

वाघ हिंडतो तो मुख्यतः पहाटे आणि सायंकाळी, म्हणजे प्रकाश सर्वांत कमी असतो तेव्हाच. त्यातच बांबूच्या बेटांची सावली. चालणारा प्राणी सुस्पष्ट यायचा, तर शटरचा वेग साधारण सेकंदाचा पाचशेवा भाग किंवा त्याहून जलद हवा. उडत्या पक्ष्यासाठी तो दोन हजारावा भागही लागतो. एवढ्या थोड्या वेळात पुरेसा प्रकाश आत घ्यायचा, तर लेन्सचे छिद्र मोठे हवे किंवा कॅमेऱ्याची संवेदनक्षमता, म्हणजे आयएसओ, वाढवायला हवी.

लेन्सवर लिहिलेला 'एफ'चा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. एफ ५.६ ऐवजी एफ २.८ ची लेन्स वापरली, तर चौपट प्रकाश आत येतो. पण तिची किंमत आणि वजन दोन्ही त्याच प्रमाणात चढतात. ४०० मिमी एफ २.८ ही लेन्स सुमारे तीन किलोची असते आणि नवी घ्यायची तर किंमत दहा लाख रुपयांच्या पुढे जाते. ती व्यावसायिकांसाठी आहे, हौशी प्रवाशाने तिचा मोह धरू नये. उलट टोकाला, कॅननची २०२० मध्ये आलेली ६०० मिमी एफ ११ ही लेन्स एक किलोहूनही हलकी आहे आणि तुलनेने स्वस्तही. मात्र एफ ५.६ च्या तुलनेत तिच्यातून एक चतुर्थांश प्रकाश येतो. जेथे आयएसओ ३२०० पुरला असता, तेथे १२,८०० करावा लागतो आणि चित्रात दाणे दिसू लागतात. भर उन्हातील पाणपक्ष्यांसाठी ती उत्तम, पहाटेच्या जंगलासाठी तोकडी.

हौशी छायाचित्रकारासाठी मध्यममार्ग म्हणजे १५०-६०० किंवा २००-६०० मिमी पल्ल्याच्या, एफ ५ ते एफ ६.३ दरम्यानच्या झूम लेन्स. सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६०० मिमी, निकॉनची २००-५०० मिमी, सोनीची २०१९ मध्ये आलेली २००-६०० मिमी आणि निकॉनची २०२३ मधील १८०-६०० मिमी या लेन्स याच वर्गातल्या. त्यांचे वजन साधारण दोन किलोच्या आसपास असते. ज्यांना दोन किलो पेलायचे नाहीत, त्यांच्यासाठी कॅननची १००-४०० मिमी एफ ५.६-८ ही ६३५ ग्रॅमची लेन्स मिररलेस कॅमेऱ्यांसाठी उपलब्ध आहे.

डीएसएलआर, मिररलेस की ब्रिज?

प्रमुख कंपन्यांचे नव्या कॅमेऱ्यांचे व लेन्सचे संशोधन आता मिररलेस प्रकाराकडे वळले आहे. प्राण्याचा किंवा पक्ष्याचा डोळा स्वतःच ओळखून त्यावर फोकस धरून ठेवण्याची सोय हा त्यांचा सर्वांत मोठा लाभ. नवशिक्याचे निम्मे फोटो फोकस चुकल्याने वाया जातात, त्यामुळे नवा कॅमेरा घेणाऱ्याने हीच सोय आधी पाहावी. याचा अर्थ डीएसएलआर निकामी झाले असा मात्र नव्हे. अनेक जण मिररलेसकडे वळल्याने निकॉन डी ५०० किंवा कॅनन ७डी मार्क २ यांसारखे एकेकाळी वन्यजीव छायाचित्रकारांच्या गळ्यात दिसणारे कॅमेरे वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात बरेच कमी किमतीत मिळतात. घरी जुना डीएसएलआर असेल, तर कॅमेरा बदलण्याआधी लेन्स बदलण्याचा विचार करावा. कॅमेरे दर काही वर्षांनी जुने होतात, चांगली लेन्स मात्र दीर्घकाळ साथ देते.

मेगापिक्सेलच्या आकड्याने भुलून जाण्याचे कारण नाही. ए-४ आकाराच्या उत्तम छपाईलाही सुमारे नऊ मेगापिक्सेल पुरतात. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर चित्र निम्मे कापूनही ते भिंतीवर लावण्याजोगे राहते.

लेन्स बदलण्याची दगदग नको असेल, तर ब्रिज प्रकारचा कॅमेरा हा पर्याय आहे. निकॉनच्या पी ९०० ने २०१५ मध्ये ८३ पट, तर पी १००० ने २०१८ मध्ये १२५ पट झूम दिले. हे आकडे थक्क करणारे असले, तरी त्यांच्या सेन्सरचे क्षेत्रफळ फुल फ्रेमच्या सुमारे एकतिसाव्या भागाइतकेच असते. दुपारच्या उन्हात, झाडावर स्थिर बसलेल्या गरुडाचे चित्र ते सुरेख टिपतात. पहाटेच्या अंधुक प्रकाशात मात्र तेच चित्र भुरकट येते. पक्ष्यांची ओळख पटवणे व नोंद ठेवणे हा हेतू असेल, तर असा कॅमेरा घेण्यात काहीच गैर नाही.

तिवईऐवजी कडधान्याची पिशवी

उघड्या जिप्सीत तिवई उभी करण्यास जागा नसते. चालक, मार्गदर्शक आणि सहा पर्यटक एवढ्या गर्दीत एकपायी आधारही अडचणीचा ठरतो. तेथे कामी येते ती बीन बॅग. जाड कापडाची पिशवी कडधान्याने किंवा तांदळाने तीन चतुर्थांश भरावी, गाडीच्या कठड्यावर ठेवावी आणि तिच्या खळग्यात लेन्स टेकवावी. जुन्या जीन्सच्या पायाची अशी पिशवी घरीही शिवता येते. प्रवासात रिकामी न्यावी आणि मुक्कामाच्या गावी तांदूळ घेऊन भरावी. प्राणी दिसल्यावर चालकाला इंजिन बंद करण्याची विनंती करणे हेही तितकेच महत्त्वाचे, कारण इंजिनाची थरथर लेन्समधील स्थिरीकरणालाही पूर्णपणे आवरता येत नाही.

धूळ, ऊन आणि वीज

उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि पुढच्या गाडीची धूळ अंगावर येते. सफारीत लेन्स बदलणे टाळावे, एकदा सेन्सरवर धूळ बसली की सहलीतील प्रत्येक चित्रावर तिचे ठिपके उमटतात. कॅमेरा झाकायला साधा उशीचा अभ्रा किंवा सुती पंचा पुरतो. धूळ आधी हवेच्या पिचकारीने उडवावी, मगच काच पुसावी. दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या झळांमुळे दूरची चित्रे थरथरल्यासारखी येतात. हा लेन्सचा दोष नसून त्यावर महाग लेन्स हा उपायही नाही.

मिररलेस कॅमेरे बॅटरी लवकर संपवतात, म्हणून दोन जादा बॅटऱ्या जवळ ठेवाव्यात. नागपूरपर्यंत विमानाने जाणार असाल, तर सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनमधील सामानातच न्याव्या लागतात. ६४ जीबीच्या एका कार्डावर २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची सुमारे दोन हजार रॉ चित्रे मावतात. सेकंदाला दहा चित्रांच्या वेगाने बोट दाबून धरले, तर तेवढी साडेतीन मिनिटांतही संपतात. तेव्हा दोन कार्डे हवीतच. ताडोबात सफारीदरम्यान मोबाइल नेण्यास बंदी असल्याने, जंगलाचा व्यापक देखावा टिपण्यासाठी एखादा छोटा कॅमेरा कुटुंबातील दुसऱ्या कोणाकडे असावा. मोठ्या लेन्सचे शुल्क व इतर नियम आरक्षण करतानाच पाहून घ्यावेत. गाभा क्षेत्र मंगळवारी व पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर या काळात पर्यटकांसाठी बंद असते.

विकत की भाड्याने?

पहिल्या सहलीसाठी लेन्स विकत घेऊच नये, असे म्हणणे धाडसाचे वाटेल, पण ते व्यवहार्य आहे. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत कॅमेरे व लेन्स भाड्याने देणारे व्यावसायिक आहेत. अनामत रक्कम व ओळखपत्र देऊन लाखभर रुपयांची लेन्स चार दिवसांसाठी तिच्या किमतीच्या अल्पशा भागात मिळते. घेताना काच, फोकस आणि स्थिरीकरण तपासून पाहावे. भाड्याने घेतलेली लेन्स किमान एक दिवस आधी हाती यावी आणि घराजवळच्या बागेत कावळे, घारी, खारी यांच्यावर तिचा सराव करावा. ज्या कॅमेऱ्याची बटणे न पाहता सापडतात, तोच जंगलात उपयोगी पडतो. सहलीनंतरही तीच लेन्स हवीशी वाटली, तर खुशाल विकत घ्यावी. घरी आणल्यावर ती हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावी, अन्यथा मुंबई-कोकणच्या दमट हवेत काचेवर बुरशी धरते.

जवळ जाण्याची घाई

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी 'एफ-२' वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली. त्याची चित्रफीत समाजमाध्यमांवर पसरली, वन विभागाने चालक व मार्गदर्शकांवर कारवाई केली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून प्रकरणाची दखल घेतली. शिक्षा झाली ती प्रामुख्याने चालक-मार्गदर्शकांना. मात्र गाडी पुढे घेण्याचा आग्रह बहुधा मागच्या आसनांवरून होतो आणि त्यामागे बक्षिशीचे आमिष असते. स्थानिक मार्गदर्शकाची रोजीरोटी त्या आग्रहावर पणाला लागते, तर वाघिणीचा पिलांसह रस्ता ओलांडण्याचा हक्क.

योग्य सामग्रीचा खरा उपयोग येथे आहे. २५० मिमीची साधी लेन्स, तांदळाची पिशवी आणि बंद केलेले इंजिन एवढ्या भांडवलावर नियमाच्या अंतरात राहूनही वाघाचे चांगले छायाचित्र मिळते. प्राणी दूर असेल तर त्याच्या भोवतीचे जंगलही चित्रात येऊ द्यावे. पानगळीतला साग, पाणवठ्याचा काठ आणि त्यावर पाणी पिणारा वाघ, हे दृश्य केवळ चेहऱ्याच्या चित्रापेक्षा ताडोबाविषयी अधिक सांगून जाते. आणि वाघ दिसलाच नाही, तरी तीच लेन्स रानकुत्रे, गवे, नीलपंख आणि मोर यांच्यासाठी तयार असते.